वाणाच्या ड्रोनचे चार सुलटे पंखे

सांगवी येथील दूध संकलन संस्थेचे सचिव महिपतराव यांचा असा दृढ सिद्धांत होता की, कोणतीही वस्तू फॅट लावल्याशिवाय घेऊ नये आणि फॅट लावल्याशिवाय देऊही नये. दुधातील स्निग्धांश यंत्राने मोजणे यास संस्थेत फॅट लावणे म्हणतात. परंतु महिपतरावांनी हा नियम दुधापुरता मर्यादित न ठेवता छत्री, चप्पल, खोकल्याचे औषध आणि मुलीला आलेली स्थळे यांनाही सारख्याच निष्ठेने लावला होता. सबब, अधिक महिन्यात जावयाला वाण म्हणून द्यावयाचा नवाकोरा ड्रोन कॅमेरा त्यांनी वाणाच्या अगोदरच अंगणातून उडवून पाहिला, यात उतावळेपणाचा लवलेशही नव्हता. ती केवळ तपासणी होती.

तपासणीचा निष्कर्ष प्रतिकूल निघाला. ड्रोन प्रथम अत्यंत सुस्वभावीपणाने छपराएवढा वर गेला व क्षणभर स्थिर राहिला. महिपतरावांनी रिमोटची काडी बोटाने किंचित हलवताच तो शेवग्याच्या झाडात शिरला आणि तेथून चार शेंगांसह थेट म्हशीच्या गव्हाणीत येऊन पडला. म्हशीने त्याला हुंगले, एकदा चाटले, आणि नापसंतीदर्शक मान फिरवली. म्हणजे एका अर्थी तिनेही फॅट लावली. चार पंख्यांपैकी एकाचे पाते मोडले होते आणि दुसऱ्याच्या कडेला चाव्यासारखी खाच पडली होती.

"मोडलं व्हय?" त्यांच्या पत्नी कौसल्याबाई दारातून म्हणाल्या.

"मोडलं न्हाय. किरकोळ हाय."

"किरकोळ मोडलेलं वाण जावयाला द्यायचं? लोक आपल्या ताटात किरकोळ शेण घालतील."

येथे वाचकांस हे सांगणे क्रमप्राप्त आहे की, अधिक महिन्यात, ज्यास आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, जावई हा साक्षात नारायण मानला जातो. त्याला पुरणाचे धोंडे जेवू घालतात, तेहतीस अनारसे देतात आणि ऐपतीप्रमाणे वाण देतात. ऐपत हा शब्द मात्र महिपतरावांच्या काळजात काट्याप्रमाणे रुतून बसला होता. त्याचे कारण जावई इंद्रजित नव्हे. तो बिचारा मऊ स्वभावाचा मुलगा होता. कारण होते इंद्रजितचे वडील, इंदापूरकडील डाळिंबाचे मोठे बागायतदार विजयसिंह. महिपतरावांनी लग्नात बारामतीचा बँड सांगितला, तर विजयसिंहांनी दोन आणले. महिपतरावांनी आंब्याची पेटी पाठवली, तर उलट टपाली डाळिंबांनी भरलेली जीप आली, आणि वर निरोप आला की, "पावण्यांनी कशाला तरास घेतला?" हा निरोप वरकरणी मायेचा असला तरी त्यातील 'कशाला' या शब्दावर जो भार होता तो सोसून महिपतरावांचे मन वाकले होते. आयुष्यात एकदाच, आपल्या अंगणात, विजयसिंहांनी आपल्या एखाद्या गोष्टीकडे मान वर करून पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मान वर करूनच पाहावी लागेल अशी वस्तू म्हणून त्यांनी ड्रोन निवडला होता. वाणाच्या दिवशी तो आकाशात चढेल, दोन्ही घरच्या मंडळींचे वरून चित्रण करील आणि विजयसिंहांचा चेहरा त्यात आभाळाकडे वळलेला दिसेल, असा हा संकल्प होता. आता तो गव्हाणीत पडला होता.

प्रश्न पंख्यांच्या निवडीचा होता. एक बदलावा, दोन बदलावेत की चारही? शेजारचे गेणबा या विषयावर मत देण्यास बोलावण्यापूर्वीच हजर झाले होते. गेणबांनी ड्रोन आयुष्यात प्रथमच पाहिला होता. तथापि कोणत्याही वस्तूकडे पाहिल्यावर तिला बैल समजून विचार करण्याची त्यांची पद्धत होती, आणि ती पद्धत आजवर क्वचितच फसली होती.

"जुन्या बैलाशेजारी नवा जुंपला की काय व्हतं?" गेणबांनी विचारले.

"काय व्हतं?"

"गाडी वाकडी चालती. नवा वढतोय, जुना रेलतोय. चारी बदला. आन् बदलताच हायसा तर पातं बोटभर लांब घ्या. वारं जादा मारंल."

चारही बदलावेत हे महिपतरावांस पटले. मात्र सचिवपदामुळे त्यांच्या मनात एक वेगळीच शंका उद्भवली. संस्थेच्या टेंपोचे नुसते हॉर्न बदलले तरी सभेत ठराव होतो. मग आकाशगामी यंत्राचे चारही पंखे विनापरवाना बदलणे कितपत योग्य? त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला व पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी तो दोनदा वाचला.

"पंख्यांचा चेसिस नंबर कुठाय?"

"पंख्याला नंबर नसतो, साहेब."

"मग मी नोंद कशाची करू? ग्रामसेवकाकडनं ना-हरकत आणा."

ग्रामसेवक म्हणाले की, वस्तू हवेत उडत असल्याने ती गावठाणाच्या हद्दीत मोडत नाही; ड्रोन हा शेतीचा विषय आहे. म्हणून महिपतराव कृषी सहायकांकडे गेले. ते आंब्याच्या झाडाखाली बसून फोनवर बोलत होते.

"फवारणीचा का? किती लिटरचा?"

"फवारणीचा न्हाय. फोटोचा."

"मग आमचा न्हाय. टाकी बसवा, मग आमचा. अनुदानाचंबी बघता येईल."

क्षणभर महिपतरावांच्या मनात टाकी बसवण्याचा विचार येऊन गेला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु वाणाचा दिवस जवळ येत होता. अर्ज घडी करून खिशात ठेवून ते बारामतीची गाडी पकडते झाले.

बारामतीच्या बाजारपेठेत अविराज नावाच्या तरुणाचे मोबाइल व कॅमेरा दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने मोडके पाते भिंगाखाली धरले व कपाटातून एक बंद पाकीट काढले.

"बोटभर लांब मिळंल का?" महिपतरावांनी गेणबांचा निरोप पोहोचवला.

"लांब घेतलं तर एकमेकाला तासत्याल, काका. कंपनीचं माप तेच घ्यायचं. आन् हे नीट ऐका. ह्यात दोन सुलटं हायती, दोन उलटं. उलट्यावर पांढरी रेघ हाय. ड्रोनच्या ज्या दांडीवर रेघ, तितं रेघेचं. बाकीच्या ठिकाणी बिनरेघेचं. चुकवू नका."

"उलटं म्हंजे?"

"दोन घड्याळासारखं फिरत्यात, दोन त्याच्या उलट."

महिपतरावांनी मान डोलावली. परंतु एस.टी.मध्ये बसल्यावर त्यांचे मन अस्वस्थ झाले. संस्थेत दोन संचालक एकीकडे आणि दोन दुसरीकडे ओढू लागले की सभा तहकूब होते, हा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव होता. जेथे चौघांचे एकमत नाही तेथे उन्नती कशी होईल?

या शंकेस धार्मिक अधिष्ठान धोंडाबाईंनी दिले. धोंडाबाई या गल्लीतील वयोवृद्ध बाई. अधिक महिन्यात जन्मल्यामुळे त्यांचे हे नाव पडले आणि त्या महिन्यातील सर्व विधींचा अधिकार गावाने जणू जन्मतःच त्यांच्याकडे सोपवला. कौसल्याबाई त्यांना विचारल्याशिवाय अनारशाचे पीठही मळत नसत. धोंडाबाईंनी ड्रोन मांडीवर घेऊन त्याचे निरीक्षण केले.

"ह्याला भोकं हायती का? धोंड्याच्या वाणाला अनारशावानी जाळी लागती."

महिपतरावांनी स्क्रूची छिद्रे मोजून दाखवली. धोंडाबाईंचे समाधान झाले. मग त्यांनी पंख्यांची दिशा विचारली, आणि महिपतरावांनी सत्य तेच सांगितले.

"दोन उलटं फिरत्यात?" धोंडाबाई ड्रोन मांडीवरून खाली ठेवत म्हणाल्या. "मारुतीला परदक्षिणा कुठल्या अंगानं घालतोस, महिपती?"

"उजव्या."

"आन् उलट्या अंगानं फेऱ्या कवा घालत्यात?"

महिपतरावांनी नकळत स्मशानाच्या वाटेकडे पाहिले.

"ते माझ्या तोंडातनं काढून घिऊ नगंस. नारायणाच्या हातात असलं अपसव्य फिरणारं वाण द्यायचं, आन् पोरीनं त्याच घरात नांदायचं. तुमी शिकलेली मानसं. तुमचं तुमी बघा."

तुमचं तुम्ही बघा हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते तेथे पुढे विचारविनिमयास जागा उरत नाही. कौसल्याबाईंनी तिथल्या तिथे ठराव केला की, चारही पंखे सुलटेच बसतील. महिपतरावांनीही अनुमोदन दिले. एक तर धर्म, आणि दुसरे, सभेतील एकमत. दोन्ही तत्त्वे इतक्या दुर्मिळ प्रसंगी एकत्र येतात की त्यांस विरोध करणे त्यांना शिष्टपणाचे वाटले.

परंतु पाकिटात सुलटे दोनच होते. अविराजला फोन केला, तर तो म्हणाला की पाकीट फोडून सुटे विकता येत नाहीत, दुसरे पाकीट माल येईपर्यंत नाही, आणि काकांना चार सुलटे कशाला हवेत हे त्याला काही केल्या समजत नाही. हवेच असेल तर इंदापुरात एका फोटो स्टुडिओत मिळेल.

इंदापूर हे नाव ऐकताच महिपतरावांनी फोन कानापासून दूर धरला. विजयसिंह त्याच पेठेत ऊठबस करणारे. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी उपरण्याने डोके-तोंड गुंडाळले व उन्हाचे निमित्त बाळगत इंदापूर गाठले. स्टुडिओतून पाकीट घेतले, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले, आणि पायरी उतरताच समोर जीप थांबली.

"पावणं?" विजयसिंह काच खाली करून म्हणाले. "तुमी हितं? आन् तोंड का झाकलंय?"

महिपतराव हे खोटे बोलण्याचा सराव नसलेले गृहस्थ होते. अशा माणसाच्या तोंडून घाईने जे खोटे बाहेर पडते ते नेहमीच आवश्यकतेपेक्षा मोठे असते.

"डोळं," ते म्हणाले. "डोळ्यानं दिसंना झालंय."

"दिसंना झालंय आन् एकटं आलाय? बसा आत. आमचा डॉक्टर हाय."

विजयसिंहांनी त्यांना दंडाला धरून जीपमध्ये चढवले, ओळखीच्या डॉक्टरांकडे रांग ओलांडून आत नेले आणि तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घालायला लावले. थोड्याच वेळात महिपतरावांना खरोखरच दिसेनासे झाले. डोळे उत्तम आहेत असे डॉक्टरांनी सांगितले; तेव्हा "बरं झालं, फुकटची काळजी गेली," असे म्हणून विजयसिंहांनी काळा चश्मा घेऊन दिला, ड्रायव्हर दिला आणि जीपने थेट सांगवीस पोहोचते केले. निघताना म्हणाले, "आमाला एक फोन करायचा की. कशाला तरास घेतला?"

काळ्या चश्म्याआड महिपतरावांच्या डोळ्यांतून जे पाणी आले ते केवळ औषधाचे नव्हते.

पंखे बसवण्याचे काम त्याच संध्याकाळी आटोपणे भाग होते, कारण पाहुणे सकाळीच येणार होते. महिपतरावांना पुढ्यातील स्क्रू तर सोडाच, पुढ्यातील कौसल्याबाईही दोन दिसत होत्या. म्हणून बाईंनी दोन्ही पाकिटांतले बिनरेघेचे पंखे निवडून दिले व महिपतरावांनी चाचपून ते बसवले. गेणबा चिमणी धरल्यासारखे ड्रोन दोन्ही हातांत धरून बसले होते.

"एकदा उडवून बघायचं का?" गेणबा म्हणाले.

"न्हाय," कौसल्याबाई म्हणाल्या. "एकदा फॅट लावली, तेवढी बास झाली."

सिद्धांताचा असा भंग महिपतरावांच्या हयातीत प्रथमच घडत होता.

सकाळी अंगण सारवून रांगोळी घातली गेली. मधोमध पाटावर लाल कापड आणि त्यावर हळदकुंकू लावलेला ड्रोन होता. पुढ्यात हळदीकुंकवाचे भरलेले करंडे, गुलालाचे ताट आणि तेहतीस अनारशांची परात होती. इंद्रजित आणि मुलगी रेश्मा पाटावर बसले. विजयसिंहांना खास खुर्ची दिली होती. ते पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीत आले होते आणि त्यांनी सोबत डाळिंबाच्या सहा पेट्या आणल्या होत्या. धोंडाबाई बाजेवर बसल्या होत्या.

महिपतरावांनी रिमोट हातात घेतला. "आता समद्यांनी वर बघायचं," ते म्हणाले. "व्याह्यांनीबी."

विजयसिंहांनी मान वर केली. महिपतरावांनी हे दृश्य डोळे भरून पाहिले, चित्रणाचे बटण दाबले व रिमोटची काडी वर सारली.

सर्व मंडळी आकाशाकडे पाहत राहिली. आकाशात काहीही आले नाही.

त्याचे शास्त्रीय कारण असे की, ड्रोनच्या चार मोटारींपैकी दोन उजवीकडे फिरतात व दोन डावीकडे. पंखे कोणते बसवले आहेत याची त्यांना खबर नसते. सुलटे पंखे ज्या दोन मोटारींना साजत होते त्या दोन ड्रोनला वर ओढू लागल्या, आणि ज्यांना साजत नव्हते त्या दोन तितक्याच ताकदीने त्याला खाली दाबू लागल्या. एकमताने भरवलेल्या सभेत एवढा मतभेद कोणी पाहिला नसेल. ड्रोन पाटावर थरथरला, कण्हला आणि कोलांटी खाऊन गुलालाच्या ताटात पडला.

गुलाल उठला. त्यापाठोपाठ हळद उठली. महिपतरावांना घाबरून काडी खाली करण्याचे सुचले नाही. त्यांना वाटले, आणखी जोर हवा. ड्रोन बेडकासारखा उड्या मारत रांगोळीतून निघाला आणि विजयसिंहांच्या खुर्चीखाली शिरला. तेथे त्याने जो आवाज केला तो ऐकून विजयसिंह खुर्चीवरून उठले, ड्रोन त्यांच्या मागे निघाला, आणि ते अंगणाला एक पूर्ण फेरी घालून बाजेकडे धावले. बाजेवर धोंडाबाई होत्या. पुढे जे घडले ते इतक्या त्वरेने घडले की हळदीच्या ढगातून कोणासच नीट दिसले नाही. ढग विरला तेव्हा विजयसिंह बाजेवर उभे होते आणि धोंडाबाई खाली अनारशांच्या परातीशेजारी बसलेल्या होत्या. त्यांना लागले नव्हते. ड्रोन परातीत उताणा पडून गप्प झाला होता.

इंद्रजित उठला. तोही पिवळाधमक झाला होता. त्याने ड्रोन उचलून पंखे पाहिले.

"मामा, चारी एकाच अंगाची बसवलीत."

"परदक्षिणेची हायती," कौसल्याबाई म्हणाल्या. "उलटं फिरणारं वाण देत न्हायत."

इंद्रजितने विचार केला. "मामी, वरनं बघितलं तर हे सुलटं फिरतंय. पण खाली उभं राहून बघितलं तर हेच उलटं दिसतंय. कसंबी बसवा, कुणाला ना कुणाला उलटं दिसणारच."

सर्वांनी धोंडाबाईंकडे पाहिले. धोंडाबाईंनी नऊवारीवरचे अनारशाचे तुकडे झटकले. "मग दोन-दोन बसवा," त्या म्हणाल्या. "दोन देवाला सुलटी, दोन आपल्याला. कुणाची तक्रार नगं."

असा निवाडा झाल्यावर इंद्रजितने रेघेचे पंखे मागून घेतले व तेथेच स्क्रू फिरवू लागला. महिपतराव मात्र एका बाजूस खांबाला टेकून उभे होते. त्यांचा संकल्प, त्यांचे अंगण, त्यांची इभ्रत, सर्व काही गुलालात मिसळले होते. विजयसिंहांनी मान वर केली होती ती पाच सेकंद, आणि तेवढ्या वेळात वर दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

तेवढ्यात रेश्मा फोनकडे पाहून हसू लागली. ड्रोनचा कॅमेरा प्रारंभापासून अखेरपर्यंत सुरूच होता. आभाळातून नव्हे, पण घोट्याएवढ्या उंचीवरून त्याने सर्व काही टिपले होते. प्रथम रांगोळी, मग गुलाल, मग कडक इस्त्रीच्या पायजम्यातले पळणारे दोन पाय, आणि शेवटी अगदी स्पष्ट, कोणत्याही ढगाविना, विजयसिंहांचा उजवा हात धोंडाबाईंच्या खांद्यावर आणि धोंडाबाई बाजेवरून घसरत असलेल्या.

"आबा, बघा की," रेश्मा म्हणाली. महिपतरावांनी पाहिले. विजयसिंहांनीही खांद्यावरून पाहिले, आणि ते थेट दारामागच्या पाण्याच्या टाकीकडे गेले.

थोड्या वेळाने महिपतराव तोंड धुवायला तिकडे गेले. विजयसिंह तेथेच उभे होते. त्यांचा चेहरा अर्धा पिवळा, अर्धा लाल होता आणि पायाशी पाण्याने भरलेली बादली होती.

"पावणं," विजयसिंह हळू आवाजात म्हणाले, "सोसायटीची निवडणूक तोंडावर आलीय. आन् तितं म्हाताऱ्या मानसांची मतं लय."

"व्हय?"

"ते तेवढं पुसून टाकता आलं तर बरं व्हईल. तुमीच सांगा पोरीला. तुमचं ऐकंल ती."

महिपतरावांना ते पुसायचे कसे हे ठाऊक नव्हते. रेश्माने ते आतापावेतो कोणाकोणाला पाठवले असेल हेही ठाऊक नव्हते. परंतु इंदापूरच्या विजयसिंहांना आज प्रथमच त्यांच्याकडून काहीतरी हवे होते, आणि त्या 'हवे'चा स्वाद घेत त्यांनी बाहीवरचा गुलाल सावकाश झटकला.

"बघू," ते म्हणाले. "सवडीनं बघू."

मग त्यांनी धुण्यासाठी दोन्ही हात पुढे केले. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाच्या हातावर पाणी घालावे अशी रीत आमच्या भागात नाही, पूर्वीही नव्हती. विजयसिंहांनी एकदा अंगणाकडे पाहिले, कोणी पाहत नाही याची खात्री केली, आणि बादलीतला तांब्या उचलला.